दोन तासिकांमधला कातळ

कॉलेजजवळच्या कातळांच्या या पुस्तिकेतला चढायचा सर्वांत उंच कातळ पस्तीस फुटांचा आहे. सर्वांत लहान आहे तो नऊ फुटांचा, आणि तो तर कातळही नाही, एका जिमखान्याच्या मागची घडीव काळ्या दगडाची भिंत आहे. कोकणकडा, वानरलिंगी, तैलबैला, लिंगाणा ही कड्यांची आणि सुळक्यांची नावं ऐकत वाढलेल्या वाचकाला इथे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटेल. मलाही वाटलं. कॉलेजच्या मुलांनी टिपणांची वही आणून दिली तेव्हा मी आधी शेवटची पानं उलटली, सुळके तिथे असतील म्हणून. तिथे एका पाण्याच्या टाकीखालच्या कातळाचं रेखाचित्र होतं आणि त्यावर खुणेचे तीन बाण.

मुलांनी स्वतःला एकच अट घालून घेतली होती. कॉलेजच्या फाटकातून निघाल्यावर तासाभरात कातळाशी पोचता आलं पाहिजे आणि अंधार पडायच्या आत परतता आलं पाहिजे. या अटीत सह्याद्रीतलं जे जे भव्य आहे ते जवळपास सगळं गळून पडतं. उरतात ते रोजच्या वाटेवरचे दगड, ज्यांच्याकडे आपण बघतही नाही. माझं मत हळूहळू असं झालं आहे की आपल्याकडच्या प्रस्तरारोहणात नेमकी हीच गोष्ट राहून गेली. आपण मोठ्या कड्यांकडे लवकर गेलो आणि लहान कातळांपाशी पुरेसे थांबलोच नाही.

आमच्या पिढीचं शिक्षण कसं झालं ते सांगतो. महिन्यातून एखादा रविवार, पहाटेची लोकल, मुंब्र्याला उतरून डोंगराच्या पायथ्याशी जमायचं. पंचवीस-तीस मुलं, दोन दोर, चार हार्नेस. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसभरात दोन, फार तर तीन चढाया. उरलेला वेळ उन्हात बसून आपला नंबर कधी येतो याची वाट बघण्यात जायचा. वर गेलेल्याला खालून सगळे ओरडून सांगायचे, उजवा पाय, उजवा पाय, खाच आहे तिथे. संध्याकाळी बोटांची टोकं सोललेली असायची आणि मन भरून आलेलं असायचं. मग पुन्हा महिनाभर काही नाही. पुढच्या खेपेला हात तिथूनच सुरुवात करायचे जिथून मागच्या वेळी केली होती. तबला शिकणारा महिन्यातून एकदा मैफलीला जाऊन तबलजी होत नाही, त्याला घरी रोज बसावं लागतं. आम्हाला मैफली भरपूर मिळाल्या, रियाजाची जागा मिळाली नाही.

खरं तर जागा होती. आमच्या कॉलेजच्या जुन्या इमारतीचं जोतं घडीव बेसॉल्टचं होतं, छातीपर्यंत उंच, आणि त्यावर दगडी भिंत. चुन्याची भर जिथे निघून गेली होती तिथे अर्ध्या पेराएवढ्या खाचा होत्या. जमिनीपासून हातभर वर राहून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आडवं सरकत जायचं, म्हणजे ट्रॅव्हर्स करायचा, हा आमचा मधल्या सुट्टीतला उद्योग. बावीस फुटांचं अंतर होतं ते. मला पूर्ण करायला एक अख्खं सत्र लागलं. पुढे कुणीतरी आडवं जायचं सोडून वर चढायला लागलं, आणि एक मुलगा सात-आठ फुटांवरून हातावर पडला. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली आणि भिंतीला हात लावणंही बंद झालं. मी त्या निर्णयावर पुष्कळ वर्षं रागावलेलो होतो. आता वय झाल्यावर दोन्ही बाजू दिसतात. प्राचार्यांना पालकांना तोंड द्यायचं होतं. आणि आमच्यापैकी एकालाही पडायचं कसं हे माहीत नव्हतं. खाली कुणी हात वर धरून उभं नव्हतं, गादी नव्हती, पडताना हात मागे टेकवायचा नाही ही साधी गोष्टही कुणी सांगितलेली नव्हती.

पडणं शिकण्यावरून कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची आठवण येते. तिथल्या विद्यापीठाच्या वरच्या अंगाला, घरांच्या वस्तीत, क्रॅगमाँट आणि इंडियन रॉक नावाचे दोन लहान कातळ आहेत. दोन्ही आज शहराच्या बागा आहेत, माणसं संध्याकाळी सूर्यास्त बघायला जातात. १९३२ साली रिचर्ड लेनर्ड या तरुणानं, तो कायदा शिकलेला होता, मित्रांना जमवून तिथे क्रॅगमाँट क्लाइंबिंग क्लब काढला. त्या काळात जगभर एक नियम पाळला जाई: पुढे चढणाऱ्यानं पडायचं नाही. कारण दोर तागासारख्या वनस्पतींच्या धाग्यांचे असत आणि झटका बसला की तुटत. लेनर्ड आणि मंडळींनी उलटा विचार केला. माणूस कधी ना कधी पडणारच, तर पडलेल्याला झेलायचं कसं ते शिकूया. मग ते त्या बुटक्या कातळांवरून मुद्दाम उड्या मारू लागले. खालच्यानं कमरेभोवती दोर घेतलेला, तो एकदम न आवळता थोडा धावू द्यायचा, म्हणजे झटका हळूहळू जिरतो आणि दोरही टिकतो. शेकडो वेळा पडून, शेकडो वेळा झेलून त्यांनी ही रीत पक्की केली. पुढे १९३४ मध्ये लेनर्ड, ज्यूल्स आइकॉर्न आणि बेस्टर रॉबिन्सन यांनी योसेमिटीतला हायर कथीड्रल स्पायर हा सुळका सर केला. लोकांना तो सुळका आठवतो. मला त्याच्या आधीच्या दोन वर्षांतल्या, एका बागेतल्या उड्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. आपल्या किती क्लबांमध्ये बिले देणाऱ्याला, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याला, एकदा तरी खरं पडलेलं वजन झेलायला लावतात? मी पाहिलेले फार थोडे आहेत.

याहून मला भिडलेली गोष्ट इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाची आहे. तिथे डॉन रॉबिन्सन नावाचे शारीरिक शिक्षणाचे अध्यापक होते. १९६४ मध्ये त्यांनी विद्यापीठातल्या एका बोळवजा मार्गिकेच्या विटांच्या भिंतीत खऱ्या दगडाचे तुकडे बसवले, कुठे विटा आत सारून खाचा केल्या. बस, एवढंच. ती व्यायामशाळेची शोभेची भिंत नव्हती, तिथून मुलं जा-ये करत. पावसाळी, गारठ्याच्या यॉर्कशरमध्ये हिवाळ्यात कातळ ओला असतो आणि दुपारी चारला अंधारतं. त्या महिन्यांत चढाई म्हणजे गप्पांचा विषय असे. या मार्गिकेनं ते बदललं. एका तासिकेहून दुसऱ्या तासिकेला जाताना मुलं दप्तर खाली ठेवून पाच मिनिटं चढू लागली. त्यांतला एक जॉन सिरेट. तो चढाई शिकला तो मुख्यतः या भिंतीवर. १९७० मध्ये लीड्सच्या उत्तरेकडच्या आम्सक्लिफ या कातळावरची ‘वॉल ऑफ हॉरर्स’ नावाची वाट त्यानं चढली. ॲलन ऑस्टिन यांनी १९६१ मध्ये ती पहिल्यांदा चढल्यापासून भलेभले तिला वचकून असत. बोळात शिकलेला पोरगा तिथे वर पोचला हे ऐकून जुन्या मंडळींना धक्का बसला, कारण चढाईची तयारी फक्त चढाईनंच होते आणि तीही डोंगरावर, असं ते मानत. रॉबिन्सन यांनी पुढे अशा भिंती बांधण्याचाच व्यवसाय केला. आज जगात जिथे जिथे रंगीत होल्ड लावलेल्या भिंती दिसतात त्यांच्या वंशावळीत त्या बोळाचं नाव फार वर आहे.

मी हे सांगतो तेव्हा मुलं विचारतात, सर, मग सिरेट रोज किती तास करायचा? तासांचा हिशेब मला ठाऊक नाही. भिंत त्याच्या वाटेत होती एवढं ठाऊक आहे. त्याला कुठे जावं लागत नव्हतं, गाडी ठरवावी लागत नव्हती, कुणाची वाट बघावी लागत नव्हती. बोटांचे स्नायू काही आठवड्यांत बळावतात, पण त्यांना धरून ठेवणाऱ्या कंडरा आणि त्यांवरचे पट्टे सावकाश, महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबानं तयार होतात. त्यांना थोडं थोडं आणि वरचेवर काम हवं असतं. महिन्यातून एकदा दहा तास दिलेत तर ते दुखावतात. शरीराची ही रीत आणि कॉलेजचं वेळापत्रक एकमेकांना फार छान जुळतात.

बोल्डरिंगचे, म्हणजे लहान कातळांवर दोराशिवाय करायच्या चढाईचे, प्रवर्तक मानले जाणारे जॉन गिल हेही आधी विद्यार्थी आणि मग गणिताचे प्राध्यापक. जॉर्जिया टेकमध्ये शिकताना ते जिम्नॅस्टिक्सकडे वळले आणि तिथली हाताला लावायची मॅग्नेशियमची पांढरी पावडर त्यांनी १९५० च्या दशकात कातळावर आणली. आज प्रत्येक चढणाऱ्याच्या कमरेला तिची पिशवी लटकते, ती एका कॉलेजच्या व्यायामशाळेतून आली आहे.

आता आपल्या दगडाकडे येतो. महाराष्ट्राचा बहुतेक कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. एका थराचा घट्ट, बारीक कणांचा काळा बेसॉल्ट, त्यावर बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा सच्छिद्र भाग, मध्येच लाल मातीसारखा पट्टा, की पुन्हा नवा थर. चढणाऱ्याला याचा अर्थ असा होतो की वीस-तीस फूट उभी, चांगल्या पकडींची चढाई, मग गवताची पट्टी आणि घसारा, मग पुन्हा उभा कातळ. उंच गेलं की हातात येणारा दगड आपल्याबरोबर राहीलच याची खात्री नसते. म्हणून आपल्या सुळक्यांवर धैर्याइतकाच दगड ठोकून बघायचा कान लागतो. लहान कातळ त्या मानानं विश्वासाचा, कारण सुटायचं ते बहुधा आधीच सुटून खाली पडलेलं असतं आणि उरलेल्याची शेकडो हातांनी परीक्षा घेतलेली असते. खाणींच्या भिंतींचं तसं नाही. टेकड्यांवरच्या जुन्या खाणी बघायला सरळसोट आणि मोहात पाडणाऱ्या, पण सुरुंगानं आतून तडकलेल्या. मुलांनी अशा दोन जागा वहीत लिहिल्या होत्या. मी त्या काढायला लावल्या.

मुंबईच्या आसपास तीन जागांनी चढणाऱ्यांच्या पिढ्या घडवल्या: मुंब्र्याचा डोंगर, कान्हेरीच्या परिसरातले कातळ आणि बेलापूर. तिन्ही रेल्वे स्थानकाच्या आवाक्यात आहेत, आणि मला हा योगायोग वाटत नाही. विद्यार्थ्याचा सवलतीचा पास जिथवर चालतो तिथवर त्याचा डोंगर असतो. कान्हेरीला जाणाऱ्यानं लेण्यांच्या भिंतींना हात लावायचा नाही आणि राष्ट्रीय उद्यानाची वेळ पाळायची, हे इथे ठळकपणे सांगून ठेवतो. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या गिरिविहार या संस्थेनं बेलापूरला वर्षानुवर्षं बोल्डरिंगच्या स्पर्धा भरवल्या, आणि त्या चिकाटीतूनच २०१६ मध्ये बोल्डरिंगचा विश्वचषक नवी मुंबईत आला. परदेशातले नामवंत खेळाडू जिथे उतरले तिथून काही किलोमीटरवर आपली मुलं लोकलनं जाऊन फुकट सराव करत होती. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ती कॉलेजच्या कार्यालयांपर्यंत अजून पोचलेली नाही.

ज्याला अंगणातच कातळ मिळाला आहे असं विद्यापीठ बघायचं तर हैदराबादला जावं. मराठवाड्यातली कितीतरी मुलं तिथे शिकायला जातात, त्यांना हे दृश्य नवं नाही. विद्यापीठ आहे तो गच्चीबावलीचा परिसर अडीच अब्ज वर्षांच्या ग्रॅनाइटचा आहे. त्याचे कोपरे ऊन-पावसानं झिजून गोलाई आलेले प्रचंड धोंडे एकावर एक असे बसले आहेत की कुणी रचून ठेवावेत. बेसॉल्टवर शिकलेल्या माझ्यासारख्याला तिथे पहिल्या दिवशी काहीच सुचलं नाही. धरायला कड नाही, खाच नाही. फक्त तिरका, खरखरीत उतार, आणि बुटाच्या रबरावर विश्वास टाकून उभं राहायचं. हातानं ओढायची सवय जिरते, पायांवर उभं राहायची लागते. दोन दिवसांत तळव्यांची सालं गेली आणि पायांची अक्कल वाढली.

त्याच आवाराला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीच्या सुमारे चारशे एकर जमिनीवर २०२५ च्या मार्च-अखेरीस यंत्रं शिरली. झाडं पडू लागली. विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं तिथलं सगळं काम थांबवलं. तळी, मोर, हरणं यांबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. दगडांबद्दल कमी लिहिलं गेलं. तिथला मशरूम रॉक हा एकावर एक तोललेल्या धोंड्यांचा आकार विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांचा बैठकीचा दगड आहे. झाड पुन्हा लावता येतं अशी निदान आशा तरी धरता येते. सुरुंगानं उडवलेला ग्रॅनाइट कोण लावणार? हैदराबादेत कातळ वाचवण्यासाठी १९९६ पासून ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था काम करते आहे. पुण्या-मुंबईत टेकड्यांसाठी लोक भांडतात, नद्यांसाठी भांडतात. सुट्या कातळासाठी मात्र, तो डोंगराचा भाग नसला तर, कुणी उभं राहत नाही. जो मुलगा त्या कातळावर रोज चढतो तो राहील, असं मला वाटतं.

एक जागा मात्र या पुस्तिकेत मुद्दाम आली आहे ती चढण्यासाठी नव्हे. अंधेरीला भवन्स कॉलेजजवळ गिल्बर्ट हिल आहे, सुमारे दोनशे फूट उंच, बेसॉल्टच्या उभ्या खांबांचा बनलेला. वर देऊळ आहे, चढायला पायऱ्या आहेत, चहूबाजूंनी वस्ती दाटली आहे. असे स्तंभ जगात फार थोड्या ठिकाणी एवढ्या उंचीचे दिसतात. त्याला मेख ठोकायची नाही, दोर लावायचा नाही. पायऱ्यांनी वर जायचं, हात मागे बांधून जवळून बघायचं आणि खांब कसे तडकतात ते समजून घ्यायचं. मागे कुठलीही खूण सोडायची नाही, कारण ती सहज जात नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या आवारातून समोर दिसणाऱ्या तिसऱ्या फ्लॅटआयर्न या कातळावर विद्यार्थ्यांनी १९४९ मध्ये विद्यापीठाच्या नावाची दोन प्रचंड अक्षरं रंगवली. नंतर ती दगडाच्या रंगानं झाकली, तरी अजून पुसट दिसतात. आपल्या गडांवर नावं लिहिणाऱ्यांना बोलण्याआधी चढणाऱ्यांनी स्वतःचे बाण आणि खडूच्या खुणाही पुसून यायला शिकलं पाहिजे. वहीतले तीन बाण कागदावर राहिले, कातळावर काढलेले नाहीत, हे मी जाऊन पाहून आलो.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे, जी मला फार उशिरा कळली. आमच्या मुंब्र्याच्या तीस जणांत मुली दोन किंवा तीन असत. आम्ही समजायचो त्यांना आवड नाही. शिकवायला लागल्यावर कळलं की अडचण आवडीची नव्हती, वेळेची होती. शनिवारी रात्री शेवटच्या गाडीनं कसारा गाठायचं, रात्रभर चालायचं, सकाळी कड्याला भिडायचं, हे घरी विचारायचं म्हणजेच निम्म्या जणींचं तिथेच संपायचं. दुपारी तीन ते पाच जिमखान्याच्या मागे असते असं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. या पुस्तिकेतली निम्म्याहून जास्त टिपणं मुलींनी लिहिलेली आहेत, आणि त्यांतली अचूकता वेगळीच आहे: कुठे उंची कमी असलेल्याला पाय दुसऱ्या जागी ठेवावा लागतो, कुठे हात पोचत नाही तर मधली पकड कोणती, हे आम्ही उंच पोरांनी कधी नोंदलंच नव्हतं.

कॉलेजांनी काय करावं हे मला विचारलं जातं. ऑलिंपिकमध्ये टोकियोपासून ही चढाई खेळ म्हणून आली आहे. त्यातली बोल्डरिंगची भिंत साधारण साडेचार मीटर उंच असते आणि तिला दोर लागत नाही, खाली जाड गाद्या लागतात. तेवढी जागा बहुतेक जिमखान्यांत बॅडमिंटन कोर्टाच्या एका बाजूला निघते. पण तिथूनही सुरुवात करायची गरज नाही. तळमजल्याच्या उंचीची एक दगडी भिंत निवडावी, पाय जमिनीपासून तीन फुटांच्या वर जाणार नाहीत अशी आडवी रेघ आखावी, खाली माती खणून मऊ करावी, जाणत्या माणसाला आठवड्यातून दोनदा बोलवावं आणि नोंदवही ठेवावी. बंदीच्या सूचनेलाही कागद लागतो आणि नोंदवहीलाही कागदच लागतो. आमच्या वेळी कुणीतरी दुसरा कागद निवडला असता तर तो मनगट मोडलेला मुलगा पुढे चढत राहिला असता. तो आमच्या सगळ्यांत चांगला चढायचा.

पुस्तिका कशी वापरायची हे थोडक्यात. हिच्यात काठिण्याच्या श्रेणी दिलेल्या नाहीत, कारण आकडा दिसला की मुलं आकड्यावर चढतात. प्रत्येक कातळापुढे उन्हाची वेळ दिली आहे, ती पाळा. मार्चनंतर दुपारी बेसॉल्टला हात लावता येत नाही. जून ते सप्टेंबर शेवाळ असतं, त्या महिन्यांत फक्त छपराखालच्या भिंती. आग्या मोहोळ असलेल्या जागांवर फुलीची खूण आहे. तिथे बोलणंसुद्धा हळू. दोर, गाठी आणि बिले पुस्तकातून शिकू नका, त्यासाठी माणूस गाठा.

छापायला देण्याआधी मुलांबरोबर एक दुपार मी सगळ्या जागा फिरलो. शेवटी त्या नऊ फुटांच्या भिंतीपाशी आलो. दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी आडवी सरकत होती, खाली तिची मैत्रीण दोन्ही हात वर धरून तिच्यासोबत पावलं टाकत होती. मध्येच घंटा झाली. तिनं भिंतीवरूनच विचारलं, आता कुठला तास आहे? मैत्रीण म्हणाली, अकाउंट्स, अजून चार मिनिटं आहेत, कोपरा करून घे.